बाहेरून ओवलेली दारं

हिराबाई ओव्हाळ अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि त्यांना पाण्याची भीती वाटते. नदीकाठी तंबू लावून लोकांना राहायला बोलावणाऱ्या बाईला पाण्याची भीती वाटते, हे ऐकून शहरातली माणसं हसतात. आम्ही काठावरची माणसं हसत नाही. नदीला न भिणारा माणूस काठावर फार दिवस टिकत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत.

वारज्याच्या पुढे, मुठेच्या काठाला ओव्हाळांची दीड एकर जमीन आहे. खाली जांभळीचं झाड, वर सडकेच्या अंगाला ज्वारीचा तुकडा, मधे सपाटी. हिराबाईंचे यजमान भीमराव कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्या सपाटीवर त्यांनी सहा तंबू उभे केले. पाटी लावली, ‘ओव्हाळांचे तंबू’, आणि खाली बारीक अक्षरात ‘फक्त कुटुंबांसाठी’. दारू पिणारी टोळकी येऊ नयेत म्हणून ती ओळ. शनिवारी दुपारी माणसं येत, चुलीवरचं पिठलं-भाकरी खात, पोरं मातीत लोळत आणि रविवारी सगळी परत जात. भीमराव हिशेब आणि गप्पा सांभाळत. चूल, पाणी, अंथरुणं आणि काळजी हिराबाईंकडे.

काळजी त्यांना आईकडून मिळाली होती. त्यांची आई नदीकाठच्या वीटभट्टीवर कामाला होती. विटा वाहणाऱ्या बाया आपल्या रांगत्या पोरांच्या पायाला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधत आणि तिचं दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला. पोर रडे, मातीत बसे, पण पाण्याकडे जात नसे. हिराबाई अशाच बांधलेल्या वाढल्या. त्यांची धाकटी बहीण एक दिवस बांधायची राहिली. पुढचं त्या सांगत नाहीत, आणि आमच्याकडे कुणी विचारतही नाही.

तंबू सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी एका पाहुण्याचं चार वर्षांचं मूल भल्या सकाळी एकटंच उठून जांभळीपर्यंत गेलं. हिराबाई दूध तापवत होत्या. त्यांनी भांडं टाकलं आणि धावल्या. पोर फुलपाखरू बघत होतं. त्याच आठवड्यात त्या स्वारगेटला गेल्या, तिथल्या गल्लीत नियाज मंडपाचं कापड शिवतो त्याच्याकडे. तंबूही त्यानेच शिवले होते. दाराच्या दोन्ही पडद्यांना आतून दोरी ओवायला पितळी रिंगा होत्या. हिराबाईंनी त्याला बाहेरूनही रिंगा लावायला सांगितल्या.

“बाहेरून कशाला, भाभी? राहणारा तर आत असतो.”

“पोरं असत्यात, नियाजभाई. आन् कुत्री येत्यात.”

नियाजने रिंगा लावल्या. तेव्हापासून माणसं झोपली की हिराबाई कंदील घेऊन सहाही तंबूंना फेरी घालत आणि बाहेरून दोरी ओवून खाली गाठ मारत. सूर्य उगवायच्या आत उठून सोडत. रात्री कुणी आत खुडबुडलं तर त्या आधीच दाराशी पोचून दोरी सोडत, म्हणून कुणाला कळलंही नाही. भीमरावांना वाटे, बायको खुंट्या तपासायला जाते. सात वर्षं हे असं चाललं, आणि त्या गाठी मारल्याशिवाय हिराबाईंना झोप येत नसे.

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी सहाही तंबू भरलेले होते. भीमराव नेमके बिबवेवाडीला, भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. संध्याकाळी सडकेवरून भोंग्याची गाडी गेली. धरणातून नदीत पाणी सोडणार आहेत, पात्रात उतरू नका. हिराबाईंनी ऐकलं. त्यांनी भीमरावांना फोन लावला. भीमराव म्हणाले, “जांभळीच्या वर पाणी माझ्या बापानं पाहिलं नाही. तू झोप.” हिराबाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा घट्ट दोऱ्या ओवल्या. जांभळीजवळच्या सहाव्या तंबूत बिबवेवाडीचीच शर्मिला, तिचा नवरा रोहन आणि सहा वर्षांची संस्कृती होती. शर्मिलाने जेवताना सांगितलं होतं, “मावशी, ही झोपेत चालते हं. जरा लक्ष असू द्या.” म्हणून त्या दाराला हिराबाईंनी दोन गाठी मारल्या.

साडेपाचला त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या. नुकतं दिसायला लागलं होतं. पाणी आवाज करत येईल असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. ते मांजरासारखं आलं होतं. खालचे तीन तंबू पाण्यात उभे होते आणि पाणी अजून चढत होतं.

त्या धावल्या. पहिल्या दाराची गाठ सोडायला गेल्या, तर सुताची दोरी भिजून फुगलेली. नख तुटलं, गाठ सुटेना. आतून कुणीतरी म्हणालं, “कोण आहे?” त्या वर पळत गेल्या, सरपणातला कोयता उचलला आणि दोऱ्या कापत सुटल्या. पाच दारं कापली. माणसं अंथरुणं टाकून सडकेकडे धावली. सहाव्या तंबूशी पोचल्या तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं आणि कापड आतून कुणीतरी ढकलत होतं. “दार उघडत नाहीये, दार उघडत नाहीये,” एवढंच शर्मिला म्हणत होती. कापडाच्या वरच्या फटीतून एक लहान हात बाहेर आला होता, बोटं पसरलेली. एक गाठ त्यांनी कापली. दुसरी पाण्याखाली होती. ती त्यांनी न बघता कापली, स्वतःच्या तळहातासकट.

एकोणीस माणसं वाचली. अर्ध्या तासात सहाही तंबू, भांडी, खाटा, पाटी, सगळं नदीने नेलं. कापलेल्या दोऱ्याही नेल्या.

वर्तमानपत्रात कोयता घेतलेल्या हिराबाईंचा फोटो आला. पाण्याने दारं आवळली आणि या बाईने ती कापली, असं सगळ्यांना वाटलं, कारण आत असलेल्या माणसाला बाहेरची दोरी दिसत नाही. बुद्धविहारात त्यांना शाल दिली. हिराबाईंनी ती ट्रंकेत घातली आणि झाकण लावलं. भीमराव थट्टा करत, “घरात आता चहा मागायचा तर अर्ज करावा लागेल.” त्या हसत नसत. पाऊस भुरभुरला तरी अंगणात जाऊन उभ्या राहत. भांडं घासताना, भाकरी थापताना मधेच हात थांबे. त्यांना फटीतून आलेला तो लहान हात दिसे.

भीमरावांना वाटलं, पुराची भीती आहे, काम सुरू झालं की जाईल. त्यांनी काम काढलं. सपाटीवर गुडघाभर गाळ बसला होता, त्यात कुणाच्या चपला, कुणाच्या घराचं दार, एक मेलेली शेळी. जांभळीच्या शेंड्याला महिनाभर प्लास्टिक फडफडत होतं. दोघांनी आणि दोन गड्यांनी गाळ उपसला. खाली पुन्हा तंबू लावायचे नाहीत, असं हिराबाई म्हणाल्या, तेव्हा भीमरावांनी मुकाट्याने वरच्या ज्वारीच्या तुकड्यात मुरूम टाकून कंबरभर उंच ओटे बांधले. बापाने न पाहिलेलं पाणी त्यांनीही पाहिलं नव्हतं, पण त्याचा गाळ त्यांनी स्वतःच्या पाठीवर वाहिला होता. फाल्गुनात चार ओटे तयार झाले.

नवे तंबू घेऊन नियाज टेम्पोने आला. कापड उतरवून झाल्यावर तो हिराबाईंजवळ चुलीपाशी बसला.

“भाभी, आतल्या रिंगा लावल्यात. बाहेरच्या नाही लावल्या. लावू?”

हिराबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“पेपरात मी वाचलं. दारं आवळली म्हणे.” नियाजने चहाचा कप खाली ठेवला. “माझं शिवलेलं दार पाण्यानं आवळत नाही. मी कुणाला बोललो नाही. पण रिंगा माझ्या हातच्या होत्या. तुम्हाला एकटीलाच झोप येत नाही, असं समजू नका.”

“नका लावू,” हिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की नियाजला पुन्हा विचारावं लागलं.

पहिल्या शनिवारसाठी चार कुटुंबांनी नावं दिली. चारही तीच, त्या दिवशीची. शर्मिलाने फोनवर सांगितलं, “मावशी, संस्कृतीला अजून झोप लागत नाही. रोज विचारते, पाणी आलं तर? मी म्हणते, हिराआजी येईल. मग झोपते. तिला एकदा तुमच्याकडे आणते. डॉक्टरही म्हणाले, बरं होईल.”

त्या फोननंतर हिराबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. शनिवारी सकाळी भीमराव ओट्यांवर पाणी मारत होते. त्यांच्याजवळ जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. उभ्याने, न थांबता. भीमरावांच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली आणि एका जागी खड्डा पडला.

ते म्हणाले, “सगळ्या दारांना?”

“सगळ्या.”

“सात वर्षं?”

“व्हय.”

“आणि मी शेजारी घोरत होतो.” त्यांनी नळी बंद केली. “आता कुणाला सांगू नकोस. माणसं वाचली आहेत. आता बाहेर रिंगाच नाहीत. सांगून कुणाचं काय भलं होणार? उलट एकही गाडी फाटकात यायची नाही.”

“ती पोर माज्या नावानं झोपती, अहो.”

“झोपू दे ना मग.”

“मीच कोंडलं व्हतं तिला. ठाव नसताना पुन्यांदा माज्याच भरवशावर झोपंल. मला न्हाई बघवणार.”

“आणि पोलिसात गेले म्हणजे?”

“मला बी त्येचीच भीती हाय,” हिराबाई म्हणाल्या. “हात बघा माजा.” त्यांनी हात पुढे केला. तळहातावरचा व्रण आणि त्यामागची बोटं, सगळं थरथरत होतं. भीमरावांनी तो हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही. ते नळी गुंडाळू लागले.

चार वाजता पहिली गाडी आली. संस्कृती गाडी पुरती थांबायच्या आत उतरली आणि हिराबाईंच्या कमरेला बिलगली. हिराबाईंचे हात वरच राहिले. पोरीच्या डोक्यावर ठेवावेत की नाही, त्यांना कळेना. रोहन डिकीतून बॅगा काढू लागला.

“बॅगा ऱ्हाऊ द्या, साहेब,” हिराबाई म्हणाल्या. “शर्मिलाताई, जरा हिकडं या. पोरीला नका आणू.”

ओट्यांच्या मागे, ज्वारीच्या धसकटांत त्या दोघी उभ्या राहिल्या. खाली नदी दिसत होती. फाल्गुनातली, घोट्याएवढी, दगडांमधून वाट काढणारी. हिराबाईंनी तिच्याकडे पाठ केली आणि बोलायला सुरुवात केली. दोरीपर्यंत आल्या आणि थांबल्या.

“कसली दोरी?” शर्मिलाने विचारलं.

“दाराची. भाइरनं. मी बांधली व्हती. समद्यांचीच. पोरं पाण्याकडं जाऊ नयेत म्हनून. पाण्यानं न्हाई आवळली. मी आवळली.”

शर्मिला त्यांच्याकडे बघत राहिली.

“आम्ही आत कापड फाडत होतो,” ती म्हणाली. “रोहनची नखं निघाली होती. मला वाटलं, आम्हीच मूर्ख, आम्हाला साधं दार उघडता येत नाही.”

“व्हय.”

“तुम्ही सगळ्यात शेवटी आमच्याकडे आलात.”

“तुमचा खाली व्हता. आन् गाठी दोन व्हत्या.”

“दोन का?”

हिराबाईंना उत्तर द्यायचं नव्हतं. पण सगळं सांगायचं ठरवून त्या इथवर चालत आल्या होत्या. “तुमी म्हणला, ती झोपंत चालती.”

शर्मिलाने खाली धसकटांत बसकण मारली. हिराबाई उभ्याच होत्या. ही बाई आता ओरडेल, रोहनला हाक मारेल, पोलिसांना फोन करेल, असं प्रत्येक श्वासाला त्यांना वाटत होतं. शर्मिला ओरडली नाही. तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि पुटपुटली, “मीच सांगितलं होतं.”

“न्हाई. तुमी लक्ष ठिवा म्हणला. बांधा न्हाई म्हणला.”

“ते खरं आहे,” शर्मिला कोरड्या आवाजात म्हणाली आणि उठली. साडीला अडकलेली कुसळं तिने एकेक करून काढली. “आम्ही राहणार नाही, मावशी. रोहनला मी घरी गेल्यावर सांगेन. पुढे तो काय करेल, मला माहीत नाही.”

“बरं.”

“संस्कृतीला काही बोलू नका. तिला काय सांगायचं आणि कधी, ते मी ठरवीन.” दोन पावलं जाऊन ती वळली. “आज तिला कसं झोपवू, ते मात्र सांगा मला.”

हिराबाई तिच्या मागोमाग गाडीपर्यंत चालत गेल्या.

बॅगा पुन्हा डिकीत गेल्या. रोहन “काय झालं, काय झालं” विचारत राहिला. संस्कृती मागच्या काचेतून हात हलवत होती. गाडी फाटकातून वळून सडकेला लागली. भीमराव फाटकाशी उभे होते. ते बायकोकडे बघून म्हणाले, “एक गेली. तीन यायच्या आहेत. झालं ना तुझं समाधान?”

“न्हाई,” हिराबाई म्हणाल्या.

“मग?”

“तिघांना सांगायचं हाय.”

भीमरावांनी कपाळाला हात लावला. मग फाटकाचा अडसर, जो ते लावायला निघाले होते, तसाच सोडून दिला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला. हिराबाईंनी दोन घोट घेतले. सडकेच्या वळणावर पांढरी गाडी दिसली, दुसऱ्या तंबूतल्या कुटुंबाची. टपावर पोरांची सायकल बांधलेली होती. गाडी थांबायच्या आत, कुणी दार उघडून खाली उतरायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून त्या सडकेकडे चालू लागल्या.