दुपारचा थेंब

काचबिंदू दुखत नाही, हीच त्याची लबाडी. त्यामुळे माझा आजार घरात सगळ्यांना माझं खूळच वाटायचा. उजव्या डोळ्याला आता फक्त समोरचं दिसतं; मंडईच्या रस्त्यावर त्या बाजूची रिक्षा अंगावर आल्यावरच कळते. माझं शिवणकाम डाव्या डोळ्यावर चालतं. दाब चढला तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून थेंब. सकाळी, दुपारी, रात्री.

रमजान लागला. सकाळचा थेंब पहाटे सेहरीच्या जेवणाला आणि रात्रीचा इफ्तारनंतर बसत होता. दुपारचा मात्र ऐन रोजात यायचा. मोठ्या नणंदबाई महिनाभरासाठी हडपसरहून आल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांची दुल्हनच.

"दुल्हन, थेंब घशात उतरतो. कडू लागतं ना? मग रोजा राहिला कुठे?"

कडू लागायचं, खोटं कशाला बोलू? यजमान मशिदीत मौलानांना विचारून आले. मौलाना म्हणाले, डोळ्यातल्या औषधाने रोजा तुटत नाही. नणंदबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचे अब्बा रोजात सुरमासुद्धा लावत नव्हते." शेवटी शेवटी त्याच अब्बांना हाताला धरून मशिदीत न्यावं लागायचं, हे सांगायला त्या विसरल्या.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या बायका कुराण वाचायला आमच्याकडे जमल्या होत्या. थेंबाची वेळ झाली म्हणून मी फ्रिज उघडला, तर बाटली गायब.

"माझ्याकडे आहे," नणंदबाई म्हणाल्या. "इफ्तारनंतर देते."

माझं डोकंच फिरलं. डोळा माझा आणि पहारा यांचा! मी सरळ त्यांच्या पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन बसले. मान मागे टाकली, पापणी खाली ओढली, थेंब सोडला. मग औषध घशात उतरू नये म्हणून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला. वाचन थांबलं होतं. बघू देत, म्हटलं.

"तुटला रोजा," नणंदबाई म्हणाल्या.

मी बोट काढलं नाही. "तुटला असेल तर ईदनंतर एक जास्त धरीन, आपा. डोळा गेला तर दुसरा कुठून आणू?"