चार शब्दांची दुरुस्ती

पंखा असो, मिक्सर असो नाहीतर पाण्याचा पंप, जे काही फिरायचं थांबलं ते उचलून लोक काकूंच्या दुकानात आणायचे. सगळा बाजार त्यांना वाइंडिंगवाल्या काकू म्हणायचा. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उसवायची, तिथे नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत भरायची, वर वार्निश चढवायचं, हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. खरं तर सासऱ्यांना मुलालाच शिकवायचं होतं, पण काकूंच्या नवऱ्याला सगळ्याच गोष्टींची घाई. तिसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यानं त्याच्या हातातली तार काढून सुनेच्या हातात दिली. या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली होती.

त्या सकाळी काकू पंपाच्या मोटरीत तार भरत होत्या. शेजारी नणंद वेढे मोजत होती. नणंद बाजारात आली की तिच्या बडबडीत चारला संपायचं काम सहावर जायचं, पण मोजायला बसली की गप्प. तेवढ्यात छापखानेवाले भाऊ धावत आले. ते व्यापारी संघाचे चिटणीस. काखेत कागदांचा गठ्ठा, कपाळावर घाम.

"काकू, आला! कायद्याचा मसुदा आला!"

"कसला मसुदा?"

"लहान धंदेवाल्यांना करात सवलत! महिन्याच्या महिन्याला फॉर्म भरणं बंद. वर्षातून एकदा, एका पानाचा. आणि धंद्याच्या हत्यारांवर कर नाही!"

"तीनशे सत्तावीस," नणंद ओरडली. "भाऊ, थांबा हो जरा, आकडा विसरेन मी!"

पण बाजारात कुणीच थांबायला तयार नव्हतं. मेणबत्त्या बनवणाऱ्या बाईनं दुकानाबाहेर येऊन टाळ्या पिटल्या. वह्यावाल्यानं समोरच्या कुलूपवाल्याला मिठी मारली. दोन वर्षांपूर्वी पाटीवरून भांडलेले हे दोघे! फॉर्मापायी महिन्यातला एक अख्खा दिवस प्रत्येकाचं दुकान बंद राहायचं. तो दिवस परत मिळणार म्हटल्यावर माणसं हवेत तरंगणारच.

काकूही खूश झाल्या. पण त्यांची एक खोड होती. कुठलीही गोष्ट पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुपारी डबा खाता खाता त्यांनी मसुद्याची अकराही पानं वाचली. मग दुसऱ्या पानावर परत आल्या आणि घास हातातच राहिला.

"अगं, हे वाच जरा."

नणंदेनं वाचलं. "लहान व्यावसायिक म्हणजे माल विकत घेऊन विकणारा किंवा माल बनवून विकणारा. बरं मग?"

"मी काय विकते?"

"तू... तू कुठे काय विकतेस? तू तर दुरुस्त करतेस."

"तेच तर."

नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. काकू मात्र हात धुऊन तडक छापखान्यात गेल्या. भाऊ आधी हसले. "काकू, एवढं कुणी बघत नाही हो. सरळ आहे, तुम्ही त्यात आलातच."

"भाऊ, कागदावर नाही ते कागदावर नाही. उद्या कर कचेरीच्या खिडकीतला माणूस मला बाहेर काढील तेव्हा तुम्ही येणार का सोबत?"

भाऊंनी चष्मा लावून ओळ पुन्हा वाचली आणि डोकं खाजवलं. मसुद्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सूचना सात दिवसांत पाठवाव्यात, समिती निवडक लोकांना समोर बोलावून ऐकून घेईल. काकूंनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. सहाव्या दिवशी बोलावणं आलं. वेळ, सकाळी साडेअकरा. बोलायला तीन मिनिटं.

"तीन मिनिटं?" नणंद म्हणाली. "वहिनी, तुझं नुसतं 'नमस्कार, बसा, पाणी घेणार का' एवढ्यातच तीन मिनिटं जातात!"

मग तालीम सुरू झाली. नणंद समोर स्टुलावर बसून समिती व्हायची, हातात घड्याळ. काकू पहिल्यांदा सात मिनिटं बोलल्या, मग पाच. शेवटी चिडून म्हणाल्या, "बोलून होणार नाही. दाखवावंच लागेल."

समितीच्या दालनात सात माणसं लांब टेबलापलीकडे बसली होती. मधोमध अध्यक्ष मॅडम, पांढरे केस, समोर पितळी घंटी. काकूंच्या हातातली पिशवी जड होती. तिच्या वजनानंच जणू त्यांना धीर आला. त्यांनी पिशवीतून मोटरीचे दोन गाभे काढून टेबलावर ठेवले. एक जळून कोळसा झालेला, दुसरा नव्या तांब्यानं लखलखणारा.

"मॅडम, हा माझ्याकडे असा येतो आणि असा परत जातो. मोटर गिऱ्हाइकाचीच. यात मी विकलं काय, ते मला सांगा."

कडेला बसलेल्या कायदा अधिकाऱ्यानं घसा साफ केला. "तुम्ही तार विकता, असं धरता येईल."

"साहेब, तार विकायची असती तर काट्यावर टाकून पाच मिनिटांत मोकळी झाले असते. या मोटरीत साडेआठशे वेढे आहेत, हातानं भरलेले. ते कुठल्या मालात धरता?"

अध्यक्ष मॅडमनी तो लखलखता गाभा उचलून घेतला, वेढ्यांवरून बोट फिरवलं. "एका मोटरीला किती वेळ लागतो?"

"चार तास. आणि तुमच्या फॉर्माला अख्खा दिवस."

सातही जण हसले. साहेबसुद्धा.

"माझ्यासारखे पुष्कळ आहेत, मॅडम. सायकली, चपला, शेगड्या, लोकांचं मोडलेलं सगळं आम्ही उभं करतो. आम्हाला वेगळा कायदा नको. याच ओळीत चार शब्द घाला. 'किंवा दुरुस्त करून देणारा.'"

"पुन्हा म्हणा," मॅडम म्हणाल्या आणि लेखनिकाकडे वळल्या. "लिहून घ्या."

काकूंनी पुन्हा म्हटलं. घंटी वाजली. मागच्या बाकावरून एकच जोरदार टाळी आली. ती अर्थात नणंदेची. शिपायानं तिला गप्प बसवलं, पण तोही गालात हसत होता.

पंधरा दिवसांनी विधेयक मतदानाला आलं. भाऊंनी छापखान्यातली यंत्रं बंद केली, रेडिओ मोठ्यानं लावला, आणि बाजार दारात गोळा झाला. सुधारलेली व्याख्या वाचून दाखवायला सुरुवात झाली तशी नणंदेनं काकूंचा दंड घट्ट धरला. माल विकत घेऊन विकणारा... बनवून विकणारा... किंवा दुरुस्त करून देणारा.

"वहिनी, तुझे शब्द! रेडिओवर!"

"श्श, मतं मोजू दे."

एकशे अठरा बाजूनं, एकेचाळीस विरुद्ध. विधेयक मंजूर! असा गलका उठला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट उघडल्या. भाऊंनी हातात आला तो कोरा कागदच हवेत उधळला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पोट धरून हसतही होत्या.

गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा बसायचे. ठार बहिरे. डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळात डोकं खुपसून बसले होते. काकू धावतच तिथे गेल्या. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत कायद्याची ती ओळ लिहून त्यांच्यासमोर धरली. आजोबांनी भिंग काढलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "मीपण?"

"तुम्हीपण!" काकू ओरडल्या, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आठवून जोरजोरात मान हलवू लागल्या.