चपलांवरून ओळखणारे शेजारी

आमच्या शेजाऱ्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दहा दिवस मान खालीच ठेवायला सांगितली. आयुष्यभर पिंपळगावला द्राक्षं पारखलेला माणूस. ओट्यावर टेबलाच्या कडेला कपाळ टेकवून ते आता येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पारखू लागले. कोणी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, “या वहिनी, नवी चप्पल हाय वाटतं!” स्वतःच्या डोळ्याचं रडगाणं एकदाही नाही.

परवा मला म्हणाले, “मास्तर, डावा पाय सुजलाय तुमचा. पट्टा रुततोय.”

मला असलं कुणी बोललेलं खपत नाही. मी पाय मागे घेतला.

“म्हणजे तुम्हाला माहीत हाय,” ते हळूच म्हणाले. “मीपण डोळ्यापुढची काळी सावली आठ दिवस अंगावर काढली. उद्या दाखवून या. पुढच्या वेळी हीच चप्पल घाला, पट्टा सैल झाला की समजेन.”