आण्णाची हनुवटी

माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला, दीडशे पाहुण्यांची नावं चिठ्ठीशिवाय पाठ असायची. पण त्यातलं एकही नाव त्याला एका दमात घेता यायचं नाही. आमच्या चांदवडकडच्या लग्नात मांडवात माईकवाला लागतोच. कोण आलं, कुठल्या गावचं, कुठल्या सोसायटीचे चेअरमन, कुणाचे व्याही, हे मोठ्यानं सांगून स्वागत करायचं, आणि पुढाऱ्यांना एकेक करून आशीर्वादाच्या भाषणाला बोलवायचं. आण्णाचं ते काम. "खालच्या वाडीचे माजी सरपंच..." एवढं म्हणून तो थांबायचा, तोंड उघडून हवा आत ओढायचा, आणि मग "...रामदास नाना यांचं आगमन झालेलं आहे!" लोकांना ती त्याची लकब वाटायची. पंचक्रोशीतल्या नव्या माईकवाल्यांनी ती उचललीसुद्धा. चांगली धडधाकट छातीची माणसं मुद्दाम नावाच्या मध्येच थांबायला लागली. आण्णाला दम पुरत नव्हता म्हणून तो थांबत होता, हे आमच्या घरातही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आण्णाला हनुवटी नव्हती म्हटलं तरी चालेल. खालचा ओठ संपला की थेट गळाच सुरू. आजोबांचीही तशीच होती म्हणे, पण त्यांना दाढी होती, त्यामुळे निभावलं. आण्णानं त्यावर माईकचा तोडगा काढला होता. फोटोग्राफर दिसला रे दिसला की माईक तोंडापुढे! लग्नाच्या बायोडाटासाठी त्याचा एक धड फोटो सापडेना, तेव्हा आईनं कुणाच्या तरी हळदीच्या अल्बममधला माईकसकटच लावून दिला. मग मुलीकडचे विचारायचे, "मुलगा काय गायक हाय का?" आण्णा हसायचा. मीही हसायचो, आणि जरा जास्तच हसायचो.

त्याची झोप तर तालुक्याला माहीत होती. भाषणं सुरू झाली की स्पीकरच्या खोक्याला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा, आणि कानाशी एवढा गोंगाट असताना दोन मिनिटांत मान खाली. कुणी हलवलं की ठरलेलं वाक्य यायचं, "झोपलो नाय, ऐकतोय." एकदा तर माईक बंद करायचा राहिला आणि मांडीवर ठेवलेल्या माईकमधून त्याचं घोरणं सगळ्या मांडवात घुमलं. भाषण करणारे पुढारी थांबले. लोक पोट धरून हसायला लागले. आण्णानं डोळे न उघडताच सांगितलं, "बोला साहेब, ऐकतोय. पाटाच्या पाण्यापर्यंत आलता तुम्ही, दुसरं आवर्तन ऱ्हायलं." आणि खरंच साहेब तिथपर्यंतच आले होते! मी खजील होऊन त्याला नंतर झापलं, तर म्हणाला, "डोळे मिटले म्हंजी कान मिटले का रे, योग्या?"

ही गंमत एका सकाळी संपली. लख्ख उजेडात, सरळ रस्त्यावर, समोर एक कुत्रंही आडवं आलेलं नसताना आण्णा मोटारसायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेला. हात मोडला नाही, डोकं फुटलं नाही, पण गाडीवर बसल्या बसल्या झोप लागली होती, हे त्यानं स्वतः कबूल केलं. मी तेव्हा नाशकात औषधांच्या एजन्सीत नोकरीला होतो. त्यामुळे घरात मला अर्धा डॉक्टर समजायचे, आणि खरं सांगायचं तर मीही तसं समजू द्यायचो. मी त्याला घेऊन फिरलो. झोपेची तपासणी झाली. झोपेत त्याचा श्वास वरचेवर बंद पडतो, असं निघालं. शेवटी गंगापूर रोडवरच्या एका जबड्याच्या सर्जनबाईंकडे आम्हाला धाडलं.

इथं माझी गोष्ट मध्ये आणायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यापायीच झाला. वैशालीचं आणि माझं जमलं होतं. तिचे वडील कळवणचे, माणूस चांगला, पण एका मुद्द्यावर हटून बसलेला. "थोरला बिनलग्नाचा बसलेला असताना धाकट्याला मुलगी देणार नाय. उद्या लोक म्हणतील, थोरल्यात खोट हाय." वैशालीला दुसरी स्थळं येत होती. तिकडून ती फोनवर रडायची, इकडे मी आण्णाच्या हनुवटीवर चडफडायचो. होय, हनुवटीवर! माझ्या मते माझं लग्न तिथंच अडलं होतं.

सर्जन मॅडमनी आण्णाचा बाजूनं काढलेला एक्स-रे काचेवर लावला. आम्ही दोघं समोर बसलो होतो. एसीची गार हवा लागली तशी आण्णाची मान छातीवर गेली. मॅडम म्हणाल्या, "झोपू दे त्यांना, तुम्ही ऐका," आणि मला समजावायला लागल्या. रस्ते दोन. एक, नुसती हनुवटीची शस्त्रक्रिया. हाड कापून पुढे घ्यायचं, दोन-तीन दिवसांत घरी. दुसरा, वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे पुढे आणायचे. आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा, मग मोठं ऑपरेशन, मग कित्येक आठवडे नुसतं पातळ पिऊन राहायचं. मी विचारलं, "हनुवटीनं भागणार नाही का?" त्यावर त्या जे बोलल्या ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "घरापुढचा ओटा वाढवला म्हणून आतली खोली मोठी होत नाही. यांची आतली खोली अरुंद आहे. हनुवटीनं फोटो सुधारेल, श्वास फारसा सुधारणार नाही. माझ्या भावाचं असतं तर मी जबडेच केले असते." माझ्या भावाचं असतं तर, असं म्हणाल्या. माझा भाऊ शेजारीच बसला होता.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगितला. आण्णानं ग्लास हातात घेतला आणि विचारलं, "काय म्हणल्या मॅडम?"

दीड वर्ष तारा. तोंडात तारा घातलेल्या पस्तिशीच्या नवऱ्या मुलाला कोण बघायला येणार? वैशालीचा बाप दीड वर्ष थांबेल? हे सगळं चहाच्या एका घोटात माझ्या डोक्यातून गेलं आणि मी म्हणालो, "दोन्ही चालतंय म्हणल्या. हनुवटीचं लवकर उरकतं. त्यानं बी श्वास मोकळा होईल, आणि तुझं स्थळाचं बी काम होऊन जाईल."

आण्णानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तू शिकेल हायेस. तू म्हणशील तसं."

हनुवटी झकास झाली. आईनं तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आण्णाचा माईकशिवायचा पहिला फोटो निघाला, आणि माणूस देखणा दिसतो हे गावाला पहिल्यांदा कळलं. पण खालचा ओठ बधीर झाला तो कित्येक महिने तसाच. चहा ओघळला तरी त्याला समजायचं नाही. खिशात कायम रुमाल, आणि दर दोन मिनिटांनी तो रुमाल ओठांवर. घोरणं तेच. दुपारची मान खाली, तीही तीच. मांडवात "माजी सरपंच..." म्हणून थांबणं होतं तसंच होतं. मी विचारायचो, "फरक वाटतो ना रे?" तो म्हणायचा, "वाटतो ना. लय हलकं वाटतंय." मी लगेच विश्वास ठेवायचो. मला तो ठेवायचाच होता.

मुलीकडचे आले तेही त्या फोटोमुळेच. बोलणं चांगलं रंगलं. जेवणं झाली, आणि मुलीचे मामा शेतीचं काही विचारत असताना आण्णाची मान गेली. जोरात घोरला. मी कोपरानं ढोसलं, तर नेहमीचं, "झोपलो नाय, ऐकतोय." मामांना ते हसण्यावारी नेता आलं नाही. दोन दिवसांनी निरोप आला, मुलाला काहीतरी दुखणं आहे असं वाटतं, आमचं नाही जमायचं. त्यांचं काय चुकलं? त्यांना एका जेवणात जे दिसलं ते मी समोर एक्स-रे असताना झाकलं होतं.

त्यानंतर आण्णानं एक गोष्ट केली. मला न सांगता एसटी धरून कळवणला गेला आणि वैशालीच्या वडिलांसमोर बसला. काय बोलला ते मला पुढे सासऱ्यांकडूनच समजलं. "मामा, मला लग्न करायचंच नाय. हे मी माईकवर सांगायला बी तयार हाय. आता तरी पोरांचं अडवू नका." एवढंच. एका दुपारचं काम. ते मी आधी मागितलं असतं तर त्यानं आधीच केलं असतं, हाड न कापता! पण थोरल्याला कोण म्हणणार, तू लग्न करत नाहीस असं सांगून ये म्हणून? त्याला खोटं सांगणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं.

माझ्या लग्नात माईक अर्थात त्याच्याच हातात. एका हातात माईक, दुसऱ्या हातात रुमाल. दीडशे नावं घेतली, सोयऱ्यांची, व्याह्यांची, आचाऱ्याचीसुद्धा. वराचे थोरले बंधू तेवढे राहिले. आईनं खूण केली तर हसला आणि म्हणाला, "घरच्याचं काय स्वागत करायचं?" मी बोहल्यावर उभा होतो, आनंदात होतो, आणि त्या रुमालाकडे बघायचं टाळत होतो.

त्याला सांगून टाकू, पुन्हा मॅडमकडे नेऊ, जबड्याचं करू, असं मी दरवर्षी ठरवायचो. यंदा मुलीचं बारसं, पुढल्या वर्षी फ्लॅटचा ताबा. सबबींना काय तोटा! पुन्हा नेलं म्हणजे मॅडम म्हणणार, मी तर तेव्हाच सांगितलं होतं, आणि तेही आण्णासमोर. त्या एका वाक्याच्या भीतीनं मी नऊ वर्षं काढली. शेवटी आण्णाचे पाय सुजायला लागले तेव्हा नेलं. मॅडमनी जुनी फाईल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. त्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं झोपेत हवा कमी पडून हृदय थकलंय. एवढ्या मोठ्या भुलीचा धोका आता घेता येणार नाही. मग नाकावर लावायचं मशीन आलं. आण्णा त्याला सोंड म्हणायचा.

तपासणीला आला की आमच्याकडे गंगापूर रोडला उतरायचा. अशाच एका रविवारी दुपारी तो सोंड लावून दिवाणावर पडला होता. वैशाली मुलीला घेऊन बाहेर गेली होती. मशीनची सूं सूं चालू होती, आण्णाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, आत्ता बोललं तर बोललं. म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी टपरीवर मी तुला..."

त्यानं डोळे न उघडता मास्क बाजूला केला. आणि माईकवर नावं घ्यायचा त्याच आवाजात, मध्ये एकदा थांबून, म्हणाला, "घरापुढचा ओटा वाढवला म्हणून... आतली खोली मोठी होत नाही. माझ्या भावाचं असतं तर मी जबडेच केले असते."

"तू ऐकलं होतंस?"

"तुला किती येळा सांगितलं, मी झोपत नाय, ऐकतो."

"मग मला विचारलंस कशाला?"

"बघत होतो, तू काय सांगतो ते." मग म्हणाला, "तू सांगितलं. इषय मिटला. चहा टाक जरा." आणि मास्क पुन्हा नाकावर ओढला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो. चहा दोनदा उतू गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्यानं मला पाय धरायलाही जागा ठेवली नाही.

त्याच हिवाळ्यात आण्णा गेला. दशक्रियेला नदीकाठी ही गर्दी! ज्यांची नावं त्यानं मांडवामांडवांतून घेतली होती ते सगळे आले होते. माईकवर पलीकडच्या गावचा एक तरुण होता. श्रद्धांजलीला एकेकाला बोलवताना तो अगदी आण्णासारखा नावाच्या मध्ये थांबत होता. शेवटी म्हणाला, "आण्णा जिथं असतील तिथून... आपल्याला ऐकत असतील. आता धाकटे बंधू दोन शब्द बोलतील." लोकांनी डोळे पुसले. त्यांच्यासाठी ती बोलायची रीत होती. मला मात्र ती नुसती रीत वाटली नाही.

मी माईक हातात घेतला. सगळं सांगायचं ठरवून उभा राहिलो होतो. समोर आई होती, कळवणचे सासरे होते, वैशाली होती, आण्णाचं अख्खं गाव होतं. तोंड उघडलं, आणि माझाच श्वास मध्ये अडकला. लोकांना वाटलं, थोरल्याची लकब धाकट्यात उतरली. मी म्हणालो, "आपण सगळे आलात, आभारी आहे," आणि माईक परत केला.

तिथं जमलं नाही ते इथं सांगतो. आण्णा, दोन्ही चालतंय असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो होतो.