शाईस्ताच्या बॅगेतला हिरा

मांजरसुंब्याच्या चौकात युसूफ मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांची मुलगी शाईस्ता माझी शाळेपासूनची मैत्रीण. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती मध्य प्रदेशातल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली. तिथं मोठ्या वर्तुळात इलेक्ट्रॉन पळवतात आणि त्यातून क्ष-किरणांचा प्रखर झोत निघतो. केसासारखा बारीक तो झोत जरा सरकला तरी प्रयोग वाया जातो. म्हणून त्याच्या वाटेत हिऱ्याची चकती बसवतात. तिच्यावर धातूचे चार पट्टे असतात. झोत ज्या बाजूला कलेल, त्या पट्ट्यातली वीज वाढते. दुसरं काही त्या झोतात फार टिकत नाही; हिरा टिकतो, आणि झोताला पुढंही जाऊ देतो.

हा हिरा यंत्रात वाढवलेला, नखाहून लहान, कागदाहून पातळ. त्याची अंगठी होत नाही. पण हे सांगायचं कुणाकुणाला?

ईदला ती घरी आली होती. दुपारी आम्ही दोघी युसूफचाचांचा डबा घेऊन गॅरेजवर गेलो. ती त्यांना जेवण वाढत असताना तिच्या साहेबांचा फोन आला. हात रश्श्यानं भरलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला.

“शाईस्ता, नवी चकती डबीत नाही. शेवटी तूच हाताळली होतीस. बॅग बघ एकदा. चुकून आली असेल.”

“काय हरवलं साहेब?” चाचांनी विचारलं.

“हिरा.”

गॅरेजमधले पाने थांबले. ट्रक घेऊन आलेला रामेश्वर मोठ्यानं म्हणाला, “घरात हिरे हाय, अन् ही फाटकी बनियन काऊन घालतो बे, युसूफ?”

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाईस्ताच्या बॅगेत हिरा चुकून येतो, आणि साहेबांच्या टेबलावरून तो चुकून हरवत नाही! संध्याकाळपर्यंत ही गंमत तिच्या गल्लीत पोचली असती, आणि तिथं ती गंमत न राहता चोरीचा आळ झाली असती.

चाचांनी हात पुसले. “साहेब, आमच्या इथं पंपातली बारकी गोळी हरवली, तर ज्यानं पंप खोलला तो आधी स्वतःची बाही झटकतो. मंग दुसऱ्याकडं बघतो. तुमी झटकली का?”

“हे गॅरेज नाही, मिस्त्री.”

शाईस्तानं शांतपणे विचारलं, “सर, डबी कुणी उघडली?”

“मीच.”

“उघडण्याआधी झाकणावर टिचकी मारली?”

“टिचकी कशाला?”

तिनं डोळे मिटले. “चकती झाकणाला चिकटते, सर; टिचकीनं खाली पडते. झाकण उजेडात तिरपं धरा. बोट लावू नका.”

पलीकडं झाकण टेबलावर खडखडलं. मग, “आहे. ठीक. सोमवारी वेळेवर ये.”

“सर, हिरा हरवला हे इथं सगळ्यांनी ऐकलं. आता कुठं मिळाला तेही सांगा.”

“अगं, झाला गैरसमज.”

“आमचा न्हाई झाला,” चाचा म्हणाले. “तुमचा झाला.”

फोन कट झाला. तिनं परत लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला.

“झाकण मी पाहिलं नव्हतं,” साहेब एका दमात म्हणाले. “शाईस्तानं काही घेतलं नव्हतं.”

माफी नाहीच.

“तिथं अजून कुणाकुणाला माझं नाव सांगितलंत, सर? त्यांनाही हे सांगा. सोमवारी मी प्रत्येकाला विचारणार आहे.”

रामेश्वर खाली बघत पुटपुटला, “म्या आपलं गमतीनं बोललो, बाई.”

“चौकात बोललात ना काका?” शाईस्ता म्हणाली. “मग मी काही घेतलं न्हाई, हेबी चौकातच बोला.”

तो उठला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. मी मागोमाग गेले, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तिथून हलले नाही.