उखर्डू गुरुजींची मडकी

शाळेत कुणी काहीही सांगितलं की उखर्डू गुरुजी तपकिरीची चिमूट नाकाशी धरून थांबायचे आणि विचारायचे, "दखं का आयकं?" म्हणजे, पाहिलंस की नुसतं ऐकलंस? उत्तर येईपर्यंत तपकीर नाकात जात नसे, त्यामुळे उत्तर लवकर द्यावं लागे.

मी शाळेत जाऊ लागले त्याच आठवड्यात एक पोरगा धापा टाकत आला. म्हणाला, "गुरुजी, पारावर वाघ बसेल शे!" आम्ही बाकांखाली शिरायच्या बेतात होतो, पण आमच्या शाळेत बाकंच नव्हती. गुरुजींनी विचारलं, "दखं का आयकं?" "आयकं," पोरगा म्हणाला. मग गुरुजींनी छत्री घेतली आणि पाढे अर्धवट सोडून सगळा वर्ग पाराकडे नेला. तिथं तेल्यांचा पिवळा कुत्रा ऊन खात पडला होता. गुरुजी त्याला वाकून नमस्कार करत म्हणाले, "वाघोबा, उगाच झोपमोड केली." परतताना आम्हाला म्हणाले, "आज काय शिकलो? वाघ नाही हे नव्हे. आपल्याला जाऊन बघता येतं, हे शिकलो."

त्यांच्या नावाला आम्ही हसायचो. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, तेव्हापासून ते उखर्डू. "उकिरड्यावर ठेवलेलं कुणी चोरत नाही," ते म्हणत. "यमसुद्धा नाही."

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी आमचं गाव. माझे वडील गुजर शेतकरी. मुलींनी शिकावं असं त्यांना वाटे, पण शाळेतून घरी आले की आई मला आधी अंगणात उभं करून नाक मुरडायची. कारण शाळेच्या भिंतीला भिंत लावून गावाचा कोंडवाडा होता. कुणाच्या शेतात शिरलेली गुरं पकडून तिथं कोंडत. गुरुजी कविता म्हणू लागले की पलीकडून म्हैस सूर लावायची. माशा तर आमच्या पाटीवर अनुस्वार देत. वास इतका की गावातल्या बऱ्याच आयांनी मुलींना शाळेत पाठवणं बंद केलं होतं. माझीही पाळी येणार होती. "दिवाळीनंतर घरीच बस," आई म्हणाली होती.

मी हे गुरुजींना रडत सांगितलं. आणखी चारजणांनीही गाऱ्हाणं मांडलं. गुरुजी म्हणाले, "गाऱ्हाणं म्हणजे जांभई. तोंड उघडतं, बाहेर काही पडत नाही. आपण आधी शोध घेऊ, मग मागू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन मडकी आणली. गुरांमुळे धडा थांबला की पहिल्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. दुसरं कशाला, आम्ही विचारलं. "तुमच्या मस्तीमुळे थांबला की त्यात. दुसऱ्याचं मोजायचं तर स्वतःचंही मोजावं." हे आम्हाला मुळीच आवडलं नाही. दुसरं मडकं भलतंच भराभर भरू लागलं. माझा भाऊ मगन त्यातले चिंचोके गुपचूप भाजून खाताना सापडला, तेव्हा गुरुजींनी त्याला शिक्षा केली नाही. फक्त म्हणाले, "पुरावा खाल्लास. आता पोटात दुखलं तर तोही पुरावा." गुरुजी तपकिरीसाठी थांबले की चिंचोका कुठल्या मडक्यात टाकायचा, असा प्रश्न मी विचारला. ते बराच वेळ हसले आणि तिसरं मडकं घेऊन आले.

मग आम्ही गावात चौकशीला निघालो. पाटील म्हणाले, "कोंडवाडा आज्याना येळपासून तठेच शे." आजोबांच्या काळापासून तो तिथंच, हे त्यांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. म्हणून आम्ही भिला आबांकडे गेलो. तरुणपणी ते कोंडवाड्याची राखण करत. आबा म्हणाले, "नही वं पोरी. पहिले तो नदीना रस्तावर व्हता. प्लेगमा शाळा बंद पडनी, तवय आठे आना. शाळानी भिंत फुकट भेटनी, मंग कोन सोडस?" म्हणजे प्लेगात शाळा बंद पडली, तेव्हा फुकटच्या भिंतीसाठी कोंडवाडा इथं आला होता. आम्ही नदीच्या रस्त्यावर जाऊन पाहिलं. जुन्या कोंडवाड्याच्या भिंती छातीएवढ्या अजून उभ्या होत्या, आत बाभळी माजल्या होत्या. शेजारीच गुरांना पाणी पाजायचा हौद.

ही पोरांची भटकंती पाटलांच्या कानावर गेली. त्यांचीच गुरं सर्वांत जास्त कोंडली जात, त्यामुळे विषय नाजूक होता. ते शाळेच्या दारात उभे राहून गरजले, "मास्तर, पोरेसले हाई शिकाडी ऱ्हायनात का तुम्ही?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अंकगणित चाललंय, पाटील. बेरीज तुमच्या म्हशी करतात."

त्यानंतर शाळा तपासायला दिपोटी आले. त्या काळी शाळेच्या साहेबाला आम्ही दिपोटीच म्हणत असू. बोलायला गुरुजींनी मला निवडलं. "हुशार म्हणून नव्हे," त्यांनी आधीच सांगितलं, "तुझा आवाज म्हशीला पुरा पडतो म्हणून." शिकवण एवढीच दिली: वाढवून सांगायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि जे नको आहे त्याबरोबर काय हवं तेही सांगायचं.

मी उभी राहिले. "साहेब, आमच्या शाळेशेजारी..." एवढ्यात पलीकडून म्हशीनं असा हंबरडा फोडला की दिपोटींची टोपी हलली. मी थांबले. पहिल्या मडक्यात चिंचोका टाकला. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "साहेब, आमच्या शाळेशेजारी..."

दिपोटी हसू दाबत सगळं ऐकत राहिले. मग त्यांनी दुसऱ्या मडक्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"आमची मस्ती, साहेब."

"कोंडवाडा हलवला, तर हे मडकं कुठं हलवायचं?"

याचा अभ्यास आम्ही केला नव्हता. मी खरं ते सांगितलं, "ते इथंच राहील, साहेब."

पाटील मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "पन कोंडवाडा न्यायचा कुठं?" मी भिला आबांची जागा, भिंती, हौद, सगळं सांगितलं. येत नसलेल्या मुलींचंही सांगितलं. त्यांत पाटलांची नात होती, पण मी नाव घेतलं नाही. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरे खरं बोली ऱ्हायनात, साहेब," ते म्हणाले. म्हणजे, पोरं खरं बोलताहेत.

कापूस वेचून झाल्यावर कोंडवाडा हलला. दगड वाहायला पाटलांनीच गाड्या दिल्या. मोकळ्या झालेल्या भिंतीत खिडकी पाडली, आणि पाटलांची नात माझ्याशेजारी येऊन बसली. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती, पण आईनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला, डोंगरात, धडगावच्याही पलीकडच्या एका पाड्यावर. आम्ही चवताळलो. आता आम्हाला मागणं मांडता येत होतं! दिपोटींकडे अर्ज करायचा ठरलं. गुरुजी म्हणाले, "करा की. पण दोन्ही गावांची चौकशी करून करा."

शहाद्याच्या बाजारात त्याच पाड्याकडचा एक पावरा आदिवासी माणूस चारोळी विकायला यायचा. वडिलांबरोबर जाऊन मी आणि मगननं त्याला गाठलं. त्याची बोली आम्हाला कळेना, म्हणून चारोळी घेणाऱ्या व्यापाऱ्यानं अर्थ सांगितला. पाड्यावरचा मास्तर गेल्यापासून शाळेला कडी होती. पोरं रोज येतात, दाराच्या फटीतून आत बघतात आणि परत जातात.

मगन मला कुजबुजला, "आपीन काही आयकंच नही, असं सांगू." मी मान डोलावली नाही. थोड्या वेळानं तोच त्या माणसाला म्हणाला, "सांगा तठे, मास्तर येई ऱ्हायना."

मास्तर येतोय, असा निरोप डोंगरात गेला; अर्ज झाला नाही. निघताना गुरुजींच्या गाडीत लोकांनी केळीचे घड, शेंगा आणि तपकिरीचा डबा ठेवला. मी रडत होते. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढून बसले. घाटाच्या पायथ्यापर्यंत पाटील स्वतः गाडी हाकत गेले.

परतल्यावर पाटील शाळेच्या पायरीवर येऊन बसले. आम्ही भोवती जमलो. "घाटखाले पोरे उभा व्हतात," ते म्हणाले. "मास्तरनी वळकटी डोकावर लिसन पुढे पयनात. मास्तर त्यासना मांगे. मांगे वळीसन दखं बी नही." पाड्यावरची पोरं वळकटी घेऊन पुढं पळाली होती, आणि गुरुजींनी मागं वळूनही पाहिलं नव्हतं. पाटलांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले.

मग मगननं केरसुणी शोधून आणली. कुणी न सांगता शाळा झाडायची आमची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी नवे गुरुजी यायचे होते.