पोपोच्या सपाता

पोपोच्या घरात राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझे बूट कुणीतरी हलवलेले दिसले. मी बूट काढतो म्हणजे पायांनीच झटकतो. एक इकडे पडतो, एक तिकडे. सकाळी पाहतो तर दोन्ही भिंतीला लागून, शेजारीशेजारी, आणि चवडे घराच्या आत वळलेले. माझ्या बायकोचे, केतकीचेही तसेच. मी वाकून ते फिरवायला लागलो, तेवढ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला, "शू लुक इनसाइड, यू कम बॅक. शू लुक डोअर, यू गो." अंगात दोन स्वेटर, हातात भाजी चिरायची सुरी आणि उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी. कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली. ही आमची घरमालकीण. कँटोनीज लोक आईच्या आईला पोपो म्हणतात, आणि सगळ्या जगानं आपल्याला तेच म्हणावं असा तिचा आग्रह होता.

आम्ही भाड्यानं घेतलेलं बेसमेंट कॅनडातल्या स्कारबरोत होतं, पण त्या भागात बँकेची पाटी चिनी, दाताच्या डॉक्टरची चिनी आणि ग्रोसरीत काचेच्या टाकीत जिवंत मासे. नागपूरहून आई फोनवर विचारायची, "कॅनडा कसा आहे रे?" मी म्हणायचो, "अजून पाहिला नाही. सध्या चीनमध्ये राहतोय." माझी नोकरी वॉनला, एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळायची, येण्याजाण्यातच दिवस संपायचा. केतकी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट होती, पण इथलं लायसन्स मिळेपर्यंत तिला काम नव्हतं. त्यामुळे दिवसभर घरात या दोघीच. केतकी म्हणायची, तिघं.

घरात शिरायला बाजूचं एकच दार होतं. आत एक चौकोनी जागा, तिथे सगळ्यांचे जोडे. तिथून काही पायऱ्या वर पोपोच्या किचनमध्ये जायच्या, काही खाली आमच्याकडे. आमचं छत म्हणजे तिची जमीन. हिवाळ्यात साडेचारलाच तिन्हीसांज व्हायची. केतकीनं देवापाशी दिवा लावला की वर चालणं सुरू व्हायचं. पोपोच्या सपातांचं चटचट आम्हाला पाठ होतं. तिच्या मागून आणखी कुणीतरी चालायचं, पाय ओढत. मी इंजिनिअर माणूस. घर तापवणारी फर्नेस, तिची गरम हवा खेळवणारा डक्ट, थंडीनं आकसणारं लाकूड, सगळी कारणं दिली. केतकीनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "अरे, डक्ट दारापर्यंत जाऊन परत येतो का?"

एकदा पोपोनं मला बल्ब बदलायला वर बोलावलं. टेबलावर दोन वाट्या, दोन कप, दोन्हींतून वाफ येत होती. चढायला म्हणून मी जवळची खुर्ची ओढू लागलो.

"नॉट दॅट चेअर," पोपो म्हणाली. "ही सिटिंग."

मी दुसरी खुर्ची घेतली. बल्ब फिरवत असताना पाठीमागे पहिली खुर्ची जराशी सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. एका बल्बकडे माणूस किती वेळ बघू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. खाली उतरल्यावर तिनं मला बन खायला दिला आणि नवऱ्याचं सांगितलं. बर्फ पडत होता, तो ड्राइव्हवे शोव्हल करायला घाईनं निघाला, बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले होते. "ही से, ओके, आय गो. आय से, गो, गो." तो ड्राइव्हवेतच कोसळला. तेव्हापासून त्याच्या तपकिरी सपाता तिनं दाराशी आतल्या बाजूला वळवून ठेवल्या होत्या. "नाऊ ही कम," ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "बट ओन्ली लिटल."

आम्ही घरातून निघताना रोज काय म्हणतो, असं तिनंच एकदा विचारलं. मी समजावून सांगितलं की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, 'येतो' म्हणतात. तिचे भाजी चिरणारे हात थांबले. "गुड वर्ड," ती म्हणाली. "व्हेरी स्ट्राँग. यू से, यू मस्ट." त्या दिवसापासून बेकरीत जायला निघाली तरी ती खाली तोंड करून ओरडायची, "येते!" आणि यायची. येताना अननसाचे म्हणवणारे, पण अननसाचा पत्ता नसलेले ते बन आमच्यासाठी आणायची.

फेब्रुवारीत केतकीचा धीर सुटला. लायसन्सच्या परीक्षेत ती नापास झाली होती, बाहेर आठवडाभर ऊन नव्हतं. "आय ॲम डन," ती म्हणाली. "मी ठाण्याला जाते. तुला हवं तर तू राहा." तिकीट काढलं ते एकाच बाजूचं. मला तिला थांब म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना. थांबली असती तर माझ्यासाठी थांबली असती, आणि ते ओझं आम्हा दोघांनाही झेपलं नसतं. टॅक्सी आली. दारात बूट चढवून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जाते मी."

वरून चटचट आलं. पोपो खाली उतरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नो. राँग वर्ड."

"पोपो, प्लीज, टॅक्सी इज वेटिंग."

"टॅक्सी वेट."

मग ती खाली बसली, केतकीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून घराकडे तोंड करून ठेवले आणि वर पाहून म्हणाली, "नाऊ से." केतकी आधी चिडली, "हे काय नाटक आहे?" असं मला विचारून झालं, आणि मग रडायलाच लागली. रडतारडताच म्हणाली, "येते." पोपो बाजूला झाली.

बर्फ वितळल्यावर केतकी परत आली. मी फुशारकी मारण्याआधीच तिनं सांगून टाकलं, "तुझ्यासाठी नाही आले. ठाण्याच्या घरात रोज तिन्हीसांजेला माझ्या मागे चटचट वाजायचं. आईला ऐकू यायचं नाही." पोपो तेव्हा स्कारबरोत धडधाकट होती, हे मला पक्कं माहीत होतं; मीच तिला दर शनिवारी ग्रोसरीला नेत होतो. केतकीनं वर जाऊन तिला मिठी मारली. पुढे ती परीक्षा पास झाली, नोकरी लागली. आम्ही या देशात राहिलो ते त्या बाईच्या हट्टामुळे, असं मी आजही म्हणतो.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर पोपोला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पाय उघडे होते, मोजे घालायला वेळच मिळाला नव्हता. दाराशी तिनं हात उचलून केतकीकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "येते." केतकीनं तिच्या लाल सपाता उचलून आपल्या हातानं आतल्या बाजूला वळवून ठेवल्या. पोपो हॉस्पिटलमधून परतली नाही. व्हँकूवरहून मुलगा आला, सगळे विधी केले, वरचं सामान काढलं, आणि घर विकेपर्यंत तुम्ही राहा म्हणाला. दाराजवळच्या सपाता त्याला हलवाव्याशा वाटल्या नाहीत.

त्याच आठवड्यात केतकीनं दिवा लावला आणि वर चटचट सुरू झालं. किचनपासून दारापर्यंत यायचं, थांबायचं, परत फिरायचं. पाय ओढणारं दुसरं चालणं मात्र बंद झालं होतं. "आजोबा दाराबाहेर तिची वाट बघत असतील, आणि ही निघू शकत नाहीये," केतकी म्हणाली. "आपण तिला येते म्हणायला शिकवलं रे." या वेळी मी डक्टचं नाव काढलं नाही.

घर विकलं गेलं. शेवटच्या दिवशी सामान गाडीत भरून आम्ही खोल्यांवर नजर टाकायला पुन्हा आत गेलो. अंधारून आलं होतं, वर चटचट चाललं होतं. केतकी दाराशी गुडघ्यांवर बसली. आधी तपकिरी सपाता, मग लाल, तिनं दाराकडे तोंड करून ठेवल्या. पायऱ्यांकडे वर बघून ती मराठीतच म्हणाली, "आजी, जा आता. आम्ही नीट आहोत. जा."

चटचट किचनमधून निघालं, पायऱ्या उतरलं, आमच्याजवळून दारापर्यंत गेलं. परत फिरलं नाही. पायांना गार वारा लागला. दार बंदच होतं.

मी बूट घालायला वळलो. आत शिरताना ते मी नेहमीसारखेच झटकले होते, एक इकडे, एक तिकडे. मला चांगलं आठवतं. आता ते भिंतीला लागून शेजारीशेजारी होते, केतकीच्या बुटांना चिकटून. चारही बुटांचे चवडे दाराकडे होते. केतकीनं माझा हात धरला. आम्ही वाकलो, नाड्या बांधल्या, आणि निघताना उभ्या जन्मात मी जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते दोघांनी एकदमच म्हटलं.

"जातो, आजी."